माळवस्तीची बारव आणि टपावरचा पाळणा

आटपाडीच्या बाजूला जायचं ठरलं ते बारशासाठी. लढाई संपून आमचे हे पलटणीतून घरी आले त्याला तेव्हा जेमतेम चार-सहा महिने झाले होते आणि फाल्गुन अर्धा सरला होता. ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, आटपाडीच्या पलीकडं माळवस्तीला दिलेल्या. लग्नानंतर किती वर्षांनी त्यांना मुलगी झाली होती! बाळंतपण खरं तर सांगलीला माहेरी व्हायचं, पण वन्संच्या पायाला नारू झाला आणि त्यांना मोटारीत बसवणंच अवघड होऊन बसलं. म्हणून आम्हीच पाळणा घेऊन तिकडं निघालो.

शेजारणींनी निघण्याआधीच घाबरवून सोडलं. आमच्या आळीत चौकात नळ आलेला, त्याचा भारी तोरा. "सुमन, तिकडचं पाणी तोंडात घालू नकोस गं. नारू होतो. पायातून दोरा निघतो दोरा!" असं प्रत्येकीनं येऊन सांगितलं. पण चार दिवस पाण्याशिवाय कसं राहायचं, ते एकीनंही सांगितलं नाही.

सांगलीहून सकाळची सर्व्हिस मोटार धरली. पेट्रोल मिळत नसल्यामुळं मोटारीच्या मागं कोळशाचं भलंमोठं पिंप बसवलेलं असतं, त्याच्या गॅसवर ती चालते. जाणाऱ्यांनी पांढरे कपडे घालू नयेत. तासगावला पोचेपर्यंत माझी फिकी पिवळी साडी करडी झाली होती. पाळणा टपावर बांधला होता आणि त्याच्या चार पायांना लावलेल्या रंगीत लाकडी चिमण्या वाऱ्यानं खडखडत होत्या. प्रत्येक थांब्यावर कुणीतरी वर बघायचं.

"पाळणा हाय, पर बाळ कुठं हाय पाव्हणं?"

"पुढं गेलंय," हे शांतपणे सांगायचे. मोटारभर हशा. मी नवी नवरी असल्यासारखी खिडकीकडं तोंड करून बसले.

तासगावपर्यंत पानमळे, विहिरी, उसाचे तुकडे दिसत होते. विट्याला उतरून आम्ही शिदोरी सोडली. विटं सोडलं आणि हिरवा रंग हळूहळू कमी व्हायला लागला. खानापूर गेलं, भिवघाटाच्या चढाला मोटारीनं मान टाकली. ड्रायव्हरनं खाली उतरून पिंपातला कोळसा ढवळला, बाप्यांनी मागून रेटा दिला, बायका पायी चढल्या. वर पोचल्यावर जे दिसलं ते मी कधी बघितलं नव्हतं. लांबच लांब तांबूस माळ, मधून मधून बाभळी, मेंढरांचे कळप आणि वर नुसतं आभाळ. ह्यांनी मिसर-लिबियाच्या वाळवंटात तीन वर्षं काढलेली. मी विचारलं, "असंच होतं का हो तिकडं?"

"तिथं मेंढरं नव्हती," हे म्हणाले, आणि टपावरच्या पाळण्याकडं बघत, "आणि आपलं माणूस नव्हतं."

खरसुंडीला देवाला हात जोडले. आटपाडीला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. तिथं मुक्कामाला देवळाची ओवरी मिळते, फक्त आपली सतरंजी हवी. आटपाडीच्या बाजारातलं काळं घोंगडं मात्र जरूर घ्यावं. आम्ही बाळासाठी एक लहान घेतलं, विणणाऱ्यानं त्याच्या कडेला हौसेनं लाल धागा घालून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी, म्हणजे वन्संचे यजमान, बैलगाडी घेऊन न्यायला आले. पांढरी खिलार जोडी, घुंगरमाळा, आणि गाडीत उभा केलेला आमचा पाळणा! माळवस्ती वीस-पंचवीस घरांची. आम्ही पोचलो तेव्हा सगळी वस्ती दारात उभी होती.

वन्संच्या सासूबाई गोदाआत्या. ठेंगण्या, काटक, गळ्यात तुळशीची माळ, आवाज असा की पलीकडच्या शेतातला बैल वळून बघेल. त्यांनी आमच्या पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि गूळ-पाण्याचा तांब्या पुढं केला. उन्हानं माझा घसा कोरडा पडला होता. मी हात पुढं करणार, तोच ह्यांनी खिशातून पलटणीतला धुतलेला जाड रुमाल काढला, त्याची चौपदरी घडी तांब्याच्या तोंडावर धरली आणि पाणी दुसऱ्या भांड्यात गाळायला सुरुवात केली. सगळ्या वस्तीसमोर.

वस्तीनं माना पुढं काढल्या.

"पाव्हणं," गोदाआत्या म्हणाल्या, "आमच्या घागरीत काय माती हाय का?"

"माती न्हाई आत्या. पर आक्काच्या पायात नारू हाय. त्यो पाण्यातनं येतो. पलटणीत डॉक्टरानं आमाला..."

"आमी काय आज पितोय व्हय हे पानी? माझ्या सासूनं पिलं, तिच्या सासूनं पिलं. सांगलीच्या मान्सास्नीच तेवढं लागतंय का?" त्यांनी तांब्या उचलला आणि आत निघून गेल्या.

मी ह्यांच्याकडं असं बघितलं, की रुमाल मुकाट्यानं खिशात गेला. मग पाणी आम्ही दोघं गुपचूप परसात गाळून प्यायलो.

वन्सं आत बाजेवर होत्या. कुशीत मुठी वळून झोपलेलं बाळ. घोट्याजवळ पट्टी, पट्टीत एक बारीक काडी, आणि काडीला गुंडाळलेला पांढरा दोऱ्यासारखा किडा. तो रोज थोडा थोडा ओढून गुंडाळायचा. घाईत तुटला, तर पाय सुजून माणूस महिना-महिना अंथरुणाला खिळतं. "गेल्या साली ह्यांना झाला हुता," वन्सं म्हणाल्या. "ऐन पेरणीत. औंदा मला. सुमन, बारशाला पाळण्याजवळ मला उभं ऱ्हाता येईल का गं?" तेवढंच त्यांच्या मनात होतं. मी बाळाला उचलून घेतलं.

संध्याकाळी हे दारासमोरच्या पारावर बसून बाप्यांना समजावायला लागले. हाताची घडी, ताठ मान, अगदी हवालदारासारखं. तिथली माणसं प्रेमळ, पण चेष्टेखोर. एकजण म्हणाला, "नारू उन्हानं हुतो गड्या. पान्याला कशाला नावं ठिवतोस?" दुसरा म्हणाला, "सरकारी मानूस यिऊन बारवंत लाल औषध टाकतो. पानी गुलाबी हुतंय. मग आमी चार दीस वढ्यातल्या झऱ्याचं पितो. गुलाबी पानी कोन पिणार, सांग की." हसत हसत सगळ्यांनी ह्यांना तंबाखू दिली आणि विषय खिलार बैलांवर नेला.

रात्रीच्या जेवणाला बाजरीची भाकरी, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं आणि दगडावर ठेचलेला मिरचीचा गोळा. इतकं चवदार जेवण मी सांगलीत जेवलेली नाही. वाढलं मात्र शेजारच्या शेवंतानं. गोदाआत्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शेवंताबरोबर पाण्याला गेले. बारव फार देखणी आहे. काळ्या दगडाची, कमानीतून खाली उतरणाऱ्या रुंद पायऱ्या, आत गारवा, भिंतीच्या फटीत पारवे. माळावर भाजून आल्यावर तिथं उतरणं म्हणजे सुख होतं. बायका शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरत होत्या. त्यात एकीच्या पायाला वन्संसारखीच पट्टी. तिनं ती सोडली, पाय पाण्यात सोडला आणि डोळे मिटले. "गार वाटतंय बया," ती म्हणाली. ठणक्याला तेवढाच आराम. आणि तिच्या शेजारीच एक घागर बुडबुड करत भरत होती.

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तेच तर. किडा तिथंच पाण्यात पिल्लं सोडतो. ती पाण्यातल्या बारीक जिवांच्या पोटात जातात, आणि ते जीव आपल्या. पण ऐकतंय कोण?"

बारशाचा दिवस उजाडला. आम्ही सांगलीहून गुळाची ढेप आणि दोन काचेचे पेले नेले होते. शेवंतानं कैऱ्या उकडून मोठ्या पातेल्यात पन्हं केलं होतं. मी पेले धुवायला अंगणात बसले. एक पेला घागरीतल्या पाण्यानं भरला आणि कट्ट्यावर ठेवला. त्याच्यामागून सकाळचं ऊन आलं. पाणी स्वच्छ दिसत होतं, आणि त्यात काहीतरी हललं. मला वाटलं धूळ आहे. पण धूळ खाली बसते. हे ठिपके टुणकन वर उडत होते, थांबत होते, पुन्हा उडत होते.

"आत्या," मी हाक मारली, "जरा इकडं येता का?"

त्या आल्या, बोलायचं नाही हे विसरून. पेला घेतला, हात लांब करून उन्हाकडं धरला, डोळे बारीक केले. बराच वेळ बघत राहिल्या.

"आगं बया," त्या हळूच म्हणाल्या. "हे जित्तं हाय."

"व्हय आत्या."

"ह्यात जीव हायती?" त्यांचा एक हात गळ्यातल्या माळेवर गेला. "मी माळकरीन. धाकटी हुते तवापासनं अंड्याला शिवली न्हाई. पोरानं मासा आनला तर चूल सारवून घेतली. आन रोज सकाळी उठून हे पितीया?"

त्यांनी सरळ पन्ह्याचं पातेलं उचललं आणि उंबऱ्याबाहेर नेऊन लिंबाच्या बुडात ओतलं. अख्ख्या वस्तीचं पन्हं! शेवंता किंचाळलीच. "आवं आत्या, गूळ घातलाय त्यात!"

"गूळ ऱ्हाऊ दे. नवं धोतर आन."

आम्ही दाजींना आहेर म्हणून नेलेलं कोरं धोतर अजून घडीतच होतं. गोदाआत्यांनी ते आधी रटरट उकळून घेतलं, मग चौपदर करून पातेल्याच्या तोंडाला बांधलं आणि घागरीमागून घागर त्यातून गाळायला लावली. दाजी जुन्या धोतरात उभे राहून आपल्या आहेराकडं बघत होते. ह्यांना हसू आवरेना, तेव्हा मी चिमटा काढला.

दुपारी बारसं झालं. वन्संना दोन्ही बाजूंनी धरून पाळण्याजवळ नेलं. त्या उभ्या राहिल्या. ओठ दाबून, घामाघूम होऊन, पण उभ्या राहिल्या. मुलीचं नाव कृष्णा ठेवलं. पाळण्याची दोरी पहिल्यांदा त्यांनीच ओढली.

बायका ओट्या घेऊन निघाल्या, तर गोदाआत्या तो पेला घेऊन दारातच उभ्या. एकेकीला उन्हात नेऊन दाखवत होत्या. संध्याकाळी त्या स्वतः पारावर गेल्या. "उद्या बारवंच्या खालच्या पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या पडल्या पायजेत. वरनं दोरानं पानी काढायचं."

परवाचे चेष्टेखोर बाप्ये माना डोलवायला लागले. पण शेवंता बोलली. तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. "आत्या, बाप्यांना काय जातंय व्हय म्हनायला? दोर वढून हात आमचं सोलत्याल. पायऱ्या उतरनं सोपं हाय."

तेव्हा बाजेवरून, उघड्या दारातून वन्संचा आवाज आला. "शेवंते, मला बघ. लेकीला घिऊन दारापतूर जाता येत न्हाई. हात सोललं तर चार दिसात बरं हुत्यात."

शेवंतानं मान खाली घातली. दाजी खाकरले. "सकाळचं पानी बाप्ये काढत्याल," ते म्हणाले. "मी पयला." ह्यावर जो हशा पिकला, तो अजून आठवतो. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच हे, दाजी आणि आणखी पाचसहा जण बारवेवर होते. मोडक्या मोटेचं चाक आणून वर आडव्या लाकडावर बसवलं, खाली दगड रचून त्यावर काट्या लोटल्या. पहिली घागर वर आली ती अर्धी सांडून दाजींच्या डोक्यावर.

परतीला गोदाआत्यांनी माझी ओटी भरली, हुलग्याची पिशवी दिली आणि बैलगाडी हलेपर्यंत माझा हात धरून ठेवला. बोलल्या एवढंच, "पुन्यांदा ये."

घरी आल्यावर शेजारणींनी माझे पाय तपासले. मी त्यांना बारवेतला गारवा, माडग्याची चव आणि भिवघाटावरचं आभाळ सांगत होते. त्यांना फक्त पाण्याचंच ऐकायचं होतं. जाणाऱ्यांना माझा सल्ला एकच. जाडसर स्वच्छ कापड बरोबर न्या, पाणी चार पदरांतून गाळा, पण यजमानीणबाईंना आधी विश्वासात घ्या. बाकी त्या मुलखात भ्यायचं काही नाही.

आज प्यालेल्या पाण्यातला नारू वर्षानं उगवतो, म्हणून पहिलं वर्ष घोरातच गेलं. दुसऱ्या साली मात्र वन्संच्या घरी तो कुणालाच झाला नाही. वस्तीत दोघांना झाला, पूर्वी घरोघर व्हायचा. दाजींनी पेरणी स्वतः केली. पुढच्या चैत्रात वन्सं लेकीला घेऊन माहेरपणाला आल्या आणि आम्ही दोघी तिला कृष्णेच्या घाटावर घेऊन गेलो. पोरगी आता दोन वर्षांची झालेली. पाणी दिसताच हात सोडवून ती दुडदुडत पायऱ्यांकडं निघाली. मी उठेपर्यंत वन्सं पदर खोचून तिच्यामागं सुटल्या होत्या. दोन दोन पायऱ्या उतरत, हसत, तिला हाका मारत. लग्न होऊन मी त्या घरात आल्यापासून वन्संना पळताना मी पहिल्यांदाच बघत होते.