एक केळं आणि तुपाची वाटी

सत्यभामाबाईंच्या घरून उपाशी परत गेलेला माणूस बडनेऱ्यात अजून जन्माला यायचा आहे. मीटर बघायला आलेल्या माणसाला आधी ताट आणि मग मीटर. एकदा शेजारच्या घरचा पाहुणा चुकून त्यांच्या दारात शिरला. तो आपला नव्हेच, हे बाईंना त्याच्या दुसऱ्या पोळीला कळलं. पण तिसरी वाढल्याशिवाय त्याला शेजारचं घर काही दाखवलं नाही. ताटावर हात आडवा धरणं म्हणजे नकार, हे त्यांना मान्यच नव्हतं. माणूस लाजतो आहे असं समजून त्या त्याच्या बोटांच्या फटींतून तूप सोडत. नत्थुजी, म्हणजे त्यांचे यजमान, रेल्वेत पॉइंट्समन. इतक्या वर्षांच्या संसारात बिचाऱ्यांना एकच युक्ती सापडली होती. शेवटचा घास ताटात तसाच ठेवायचा आणि हात धुवायला पळायचं.

ह्या सगळ्यामागं काही मोठा विचार नव्हता. समोरच्यानं पोटभर खाल्लं की बाईंना आनंद होई, एवढंच.

ती वर्षं वऱ्हाडाला फार वाईट होती. कापूस आला तर भाव नसे, भाव आला तर कापूस नसे, आणि सकाळचा पेपर उघडायची लोकांना धास्ती वाटे. गावोगावची पोरं-पोरी शेताच्या धुऱ्यावरून उठून डांबरी रस्त्यावर पळायला लागली होती. पोलीस भरती! पावसापेक्षा भरतीची जाहिरात वेळेवर येते, असं नत्थुजी म्हणत. बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी आकांक्षा ही त्यातलीच. बार्शीटाकळीजवळच्या खेड्यातली, काटक, हसरी, आणि पळायला लागली की मागं वळून न बघणारी. भरतीचं मैदान अमरावतीला, म्हणून मुक्काम मावशीकडे.

आदल्या वर्षी ती अशीच आली होती. मैदानावर जायच्या दिवशी सत्यभामाबाईंनी पहाटे उठून पुरण घातलं. पोरगी एवढ्या मोठ्या कामाला निघाली, आणि चहा पिऊन पाठवायची? आमच्याकडे पुरणपोळी तुपाच्या वाटीत बुडवून खातात. वरून तूप सोडणाऱ्यांना आम्ही आजारी समजतो. आकांक्षानं तीन पोळ्या बुडवल्या. उंबऱ्यावर दही-साखर झाली. आणि संध्याकाळी ती लंगडत परत आली. "पाय मुरगळला, मावशी," म्हणाली. थोडक्यात हुकलं होतं. बाईंनी तिच्या पायाला हळद लावली, कढत पाण्यानं शेकलं आणि स्वतः रडल्या.

यंदा ती पुन्हा आली, तेव्हा बापानं तिला बजावून पाठवलं होतं. ही शेवटची भरती. नाही जमलं तर दिवाळीनंतर स्थळं बघायची. एक स्थळ तर येऊन चहा पिऊनही गेलं होतं.

"औंदा तुपाची वाटी मोठी ठेवतो," सत्यभामाबाई शेजारच्या खातूनबीला सांगत होत्या. "मागच्या सालची लहान पडली."

खातूनबीची मुलगी नगमा तिथंच केस विंचरत होती. तीही गेल्या वर्षी आकांक्षासोबत धावली होती. तिला हसू आवरेना. "खाला, और मोठी वाटी? मागच्या बारीले तिसऱ्या फेरीतच तिच्या पोटात असा गोळा आला, की मैदानाच्या तारेपाशी बसून सारं पुरण उलटलं तिनं!"

मग आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं. तिनं फणी दातात धरली.

"पाय मुरगळला होता ना वं तिचा?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

नगमा वेणी घालायला आत पळाली. खातूनबी उगाच चुलीकडे बघत बसली. बाई घरी आल्या आणि त्या दिवशी त्यांनी नत्थुजींना दुसऱ्यांदा भात घ्या म्हटलं नाही. नत्थुजी घाबरले. त्यांना वाटलं, हिला ताप आहे.

पोरीनं वर्षभर ते पोटात ठेवलं होतं. मावशीला वाईट वाटू नये म्हणून. बाईंना लाज वाटली, आणि पोरीची एवढी माया आली की काय करावं कळेना. एरवी असं झालं की त्या शिरा करत. आता तीही सोय राहिली नव्हती.

खातूनबीचे यजमान शफीकभाई तरुणपणी रेल्वेच्या संघातून धावलेले, आणि आता सकाळी मोहल्ल्यातल्या पोरींना, त्यांच्यासोबत आकांक्षालाही, गावातल्या मैदानावर पळवत. पळणाऱ्या पोरीला खायला काय द्यायचं, ते विचारायला सत्यभामाबाई त्यांच्याकडे गेल्या. आकांक्षाला काही सांगायचं नाही, असं आधी वचन घेतलं.

"भाभी, सीधी बात हाय," शफीकभाई म्हणाले. "आदल्या रातच्याले भाकर, वरण-भात, जे द्याचं ते द्या. सकाळी पळाच्या दीड-दोन घंटे आधी एक केळं, दोन-चार खजूर, लई तर मूठभर मुरमुरे. पानी घोट घोट. तूप नाई, तळेल नाई, दूध-दही नाई."

"अन् मंग ताकद कुठून येईन?"

"ताकद रातच्याच्या भाकरीतून येते. सकाळचं भरेल पोट पायायले काम करू देत नाई. सारं रगत तिकडंच जाते."

बाईंना काही पटलं नाही. त्यांच्या मते भरल्या पोटी माणूस जास्तच पळायला हवा. इंजिनात कोळसा टाकतात तो काय उगाच? शेवटी शफीकभाई वैतागले. "मंग सोताच पाहा ना पळून!"

हे वाक्य त्यांनी सत्यभामाबाईंना बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी बाई ताटभर आलुपोहा, त्यावर शेव आणि दोन तळलेले गोड गुलगुले खाऊन मैदानावर हजर. लुगडं खोचलेलं, पायात नत्थुजींचे कॅनव्हासचे बूट. पोरी खिदळायला लागल्या. आकांक्षानं विचारलं, "मावशी, तू इथं काय करून राहिली?" "हवा खाऊन राहिलो," बाई म्हणाल्या आणि सुटल्या. सुरुवात जोरात झाली. चिंचेच्या झाडापाशी पहिली उचकी आली. पाण्याच्या टाकीपाशी गुलगुल्यांनी आपण कुठं आहोत ते कळवलं. अर्ध्या फेरीत बाई कंबर धरून मातीत बसल्या, आणि एक कुत्रं काळजीनं त्यांच्याभोवती फिरायला लागलं.

"माय वं," त्या म्हणाल्या, "असं होते व्हय?"

त्याच्या दुसऱ्या दिवशी एक केळं खाऊन आल्या. अख्खी फेरी झाली! हळूच झाली, मध्ये दोनदा लुगडं सावरायला थांबल्या, पण झाली. बाई एवढ्या खूश झाल्या की घरी जाताना भाजीवाल्यालाही सांगत सुटल्या. पुढं रोज त्या पोरींच्या मागून एक फेरी मारत, आणि आकांक्षाला रोज पहाटे तेच देत, एक केळं आणि खजूर. मैदानाच्या दिवशी पोटाला नवीन काही नको, हेही शफीकभाईंचंच. केळं देताना बाईंचा हात दुसऱ्या केळाकडे आपोआप जाई. तो त्या पदराखाली घेत.

आकांक्षाला नवल वाटे. पण ती काही विचारत नसे, आणि बाईही काही बोलत नसत.

भरतीचा दिवस उजाडला. केळं खाऊन झालं, खजूर झाले. पोरगी बूट बांधते आहे तोच दारात शेजारची पार्बताबाई उभी. हातात दही-साखर. शेजारणीच्या पोरीचं शुभकाम आणि हात रिकामा, असं आमच्याकडे होत नाही. परत पाठवलं तर अपशकुन, शिवाय पार्बताबाई पुढची दोन वर्षं बोलणार नाही. आकांक्षानं मावशीकडे पाहिलं. तोंड उघडायच्या तयारीतच होती बिचारी, गेल्या वर्षीसारखी.

सत्यभामाबाई मध्ये उभ्या राहिल्या. "आण इकडं. पोरीच्या नावानं मी खातो."

"तू खाशीन तर गुण तिले कसा लागन?"

"मावशी हावो मी तिची. एकच रगत हाय."

आणि वाटी चाटूनपुसून परत दिली. मग मागच्या घरची रुख्मिणी डिंकाचा लाडू घेऊन आली. तोही बाईंनी खाल्ला. समोरच्या घरून शिरा आला. शेषराव मास्तर स्वतः पेढे घेऊन आले. पाठोपाठ कोणीतरी गरम सांजोरी धाडली. वार्ता पसरली होती, की बडनेऱ्याची भाची पोलीस होते आहे, आणि जो तो आपापला गुण घेऊन दारात. बाई उंबऱ्यावर पाय रोवून एकेकाचं खात होत्या. नत्थुजी आत हसून हसून पाणी सांडत होते. आयुष्यभर जे बाईंनी लोकांना केलं ते आज लोक बाईंना करत होते, आणि त्यांना हात आडवा धरायचीही सोय नव्हती.

आकांक्षा हलक्या पोटी ऑटोत बसली. बाईंना बसवायला दोघं लागले.

अमरावतीच्या मैदानाबाहेर तारेला माणसं चिकटून उभी होती. शिट्टी झाली. आकांक्षा पहिल्या फेरीत मध्ये, दुसरीत पुढं. तिसरी फेरी आली. तीच ती फेरी. कोपऱ्यावर पोरीचा पाय जरासा जड झाला, आणि तिनं तारेकडे नजर टाकली.

सत्यभामाबाईंना राहवलंच नाही. लुगडं खोचून त्या तारेच्या कडेनं पळत सुटल्या. "पय, पोरी, पय! पोट हलकं हाय तुयं! पय!" त्यांच्या पोटात पाच घरचा शुभशकुन उसळ्या मारत होता. लोक बाजूला सरत होते, एक हवालदार काठी विसरून बघत राहिला. आतून आकांक्षा सुटली, बाहेरून मावशी. कोपऱ्यापर्यंत दोघी बरोबरीनं होत्या, हे पाहणारे अजून शपथेवर सांगतात. मग आकांक्षा पुढं निघून गेली, आणि मावशी कडुलिंबाच्या बुंध्याशी बसली ती बसलीच.

पोरगी गटात दुसरी आली. धावण्याचे पूर्ण गुण. छातीवरच्या नंबरासकट ती गेटातून धावत बाहेर आली आणि मावशीला शोधत झाडाखाली पोचली. सत्यभामाबाई एका हातानं पोट आणि दुसऱ्या हातानं झाड धरून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, ओठाला अजून दही.

"मावशी! काय झालं वं तुले?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. श्वास जमवला.

"काही नाई. पाय मुरगळला."

आकांक्षानं तिच्या पायाकडे पाहिलं, पोटावरच्या हाताकडे पाहिलं. मग तिला कळलं. ती मटकन मातीत बसली, मावशीच्या गळ्यात पडली, आणि दोघी इतक्या हसल्या की रडायला लागल्या. येणारे-जाणारे समजले, की पोरगी नापास झाली.

बऱ्याच वेळानं डोळे पुसून आकांक्षा म्हणाली, "मावशी, भूक लागली. पुरणपोळी करशीन?"

बाई पोट धरून उठल्या. "तू खाय," त्या म्हणाल्या. "मी फक्त वाढतो."