लिंबाखालची तिसरी

मार्च लागला की येरमाळ्याकडच्या आमच्या शाळेत माझा तिसरीचा वर्ग अकरानंतर लिंबाखाली भरायचा. वर्गावर पत्रे, त्यामुळे आत बसवत नसे. पोरं दप्तरं उचलून आपणहून बाहेर निघत. सावली सरकली की आमची बैठकही सरकायची. लिंबाचा फुलोरा वह्यांवर पडायचा, तो झटकत पाढे चालायचे.

हरित शाळा योजनेचा फॉर्म आला, तो मीच हौसेनं भरायला घेतला. वाटलं, पत्र्यांवर चुना मारून मिळेल, पोरांना हवापाण्याच्या चार गोष्टी कळतील. पण रकाना एकच होता: यंदा नव्यानं लावलेली झाडं. उभ्या झाडाला रकानाच नाही. आणि फोटो मार्चअखेर पाठवायचे. भर उन्हाळ्यात रोपं लावतात का कुणी? गावातली कुठलीही म्हातारी हसली असती. मीही हसले, आणि लिहिलं, पन्नास.

आमचं पटांगण मुरमाचं, टिकाव आपटला तर ठिणग्या निघतात. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, "काळजी करू नका बाई, घरचा जेसीबी हाय. तासाभरात खड्डे पाडून देतो." मी त्यांचे आभार मानले आणि दोन दिवस धाराशिवला प्रशिक्षणाला गेले. प्रशिक्षण पर्यावरण शिक्षणाचं होतं.

परत आले तर फाटकाशी लिंबाचं खोड आडवं पडलेलं. जेसीबी आत घेताना फांद्या आड येत होत्या, म्हणून आधी फांद्या तोडल्या. मग राहिलेलं झाड एकीकडं झुकलेलं दिसलं, पोरांवर पडेल म्हणून तेही पाडलं. हेडमास्तर म्हणाले, "एक गेलं, पन्नास आली की बाई." आता या गणितात चूक काढा म्हणावं. मला भयंकर संताप आला. पण काढू कुणावर? फॉर्मवर सही माझी होती.

रोपं लागली, फोटो गेले, वरून कौतुकाचा मेसेजही आला. पोरं बाटलीतलं उरलेलं पाणी रोपांना घालायची. आणि तिसरी दिवसभर पत्र्याखाली. लाईट असलीच तर पंखा गरम वारा अंगावर फेकायचा. एक दिवस मी फळ्यावर तापमानवाढीची कारणं लिहीत होते, तेव्हा पहिल्या रांगेतल्या मुलीचा घोळणा फुटला. वहीचं पान लाल झालं. आठवडाभरात तीनदा असं झालं, मग ती यायचीच थांबली.

मी तिच्या घरी गेले. आई दारातल्या झाडाखाली ज्वारी निवडत होती, मुलगी शेजारी बसून मोठ्यानं धडा वाचत होती. आईनं मला पाणी दिलं.

"बाई, तुमी लई चांगलं शिकिवता, त्येचं काय न्हाय. पर पोरगी रगतानं भरून घरी येती. शाळंत सावली झाली की सांगा, म्या सोता आणून बसिवते."

ती रागावलीही नव्हती. पाणी पिऊन मी शाळेत परतले. आमचं सगळ्यात उंच रोप माझ्या गुडघ्याला लागत होतं. त्याच्या सावलीत वर्ग बसेल तेव्हा ही तिसरीतली पोर सासरी नांदत असेल.