आप्पांचा हात आणि मागचा पाटा

सांगलीच्या त्या अलाइनमेंटवाल्याला मी जे बोलले, त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. उलट कमीच बोलले.

आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभी हयात फौजेत ट्रक चालवले. बर्फात, घाटात, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी अशा रस्त्यांवर. पेन्शनीत आल्यावर साताऱ्यात एक जुनी गोल दिव्यांची गाडी घेतली आणि तिचे असे लाड केले, की आम्हा पोरांचे कधी झाले नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या हातावरून हलकं वारं गेलं, लकव्याचं. डॉक्टरांनी तपासून गाडी चालवायची परवानगी पुन्हा दिली. थोरल्या भावाला काही ती पटली नाही. आप्पा कधी चुकतात आणि कधी किल्ली काढून घेतो, याच्यावर तो टपून बसला होता.

त्यातच गाडीचा मागचा डावा पाटा मोडला. पाटा म्हणजे लोखंडी पट्ट्यांची कमान, तिच्यावर मागचं सगळं ओझं असतं. या गाडीचा पाटा आता बाजारात मिळायचं नाव नाही. भावाने रहिमतपूरकडच्या एका पाटेवाल्याकडून नवा करून आणला, मागचं सगळं खोलून बुश बदलले, पुन्हा जोडलं. चाकांखाली लिंबं ठेवून झाली, नारळ फुटला. आप्पा फाट्यापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "उजवीकडं जातीय. पण पुढनं न्हाई, मागनं ढकलतीय."

भाऊ म्हणाला, "आप्पा, गाडी न्हाई, तुमचा हात ओढतोय. उजवा हात स्टेरिंगवर लोंबतोय तुमचा."

झालं. भावजय, शेजारीपाजारी, दारातलं कुत्रं सोडून सगळ्यांनी माना डोलावल्या. मग भावाने स्वतः चालवून बघितली. त्यालाही ओढली. तेव्हा मात्र काय, तर चाकांचं अलाइनमेंट राहिलंय. ओढ तीच, पण याच्या हातात ती गाडीची आणि आप्पांच्या हातात आप्पांची. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

अलाइनमेंटला म्हणून आम्ही तिघं सांगलीला गेलो. मोठं दुकान, कॉम्प्युटरचं मशीन. तिथल्या माणसाने पुढच्या चाकांना यंत्र लावलं, पडद्यावर हिरवं उमटवलं आणि ओके म्हणाला. आप्पा एक चक्कर मारून आले. गाडी तशीच ओढत होती. त्या गड्याने आप्पांकडे बघितलंसुद्धा नाही. भावाला म्हणाला, "मशीन खोटं बोलत न्हाई. आजोबांचं वय झालंय."

आप्पा उतरले. किल्ली त्यांनी भावाच्या हातात ठेवली. भावाने ती खिशात घातली, लगेच.

मग मी सुटले. मागची चाकं मोजलीस का, विचारलं. म्हणाला, असल्या गाडीला मागं जुळवायला काही नसतंय, म्हणून आम्ही मोजत न्हाई. डोंबल तुझं मशीन! त्याच्याच टेबलावरचा टेप उचलला, एक टोक त्याच्याच हातात दिलं आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोन्ही बाजू मोजल्या. मागचं डावं चाक उजव्यापेक्षा चांगलं दोन बोटं मागे होतं. गाडी वर उचलायला लावली. चाकांचा आस जिथं पाट्याला बसतो, ते बोल्टाचं भोक उजव्या, जुन्या पाट्यात मध्याच्या जरा पुढे होतं आणि नव्यात बरोबर मधोमध, म्हणून डावं चाक मागे सरकलेलं. आमच्या मुलखात पाटा म्हटला की उसाची ट्रॉली, आणि ट्रॉलीच्या पाट्याला भोक मधोमधच असतं. वडाची साल पिंपळाला.

भाऊ खाली बघायला लागला. मी खोदून विचारलं तेव्हा कबूल झाला. पाटेवाल्याने त्याला विचारलं होतं, जुन्यासारखंच पुढं पाडू का? यानेच सांगितलं होतं, जुनं वाकडं पडलंय, तू मधोमध पाड. म्हणजे चूक याची आणि बोल कुणाला? चोर सोडून संन्याशाला फाशी! भर दुकानात मी त्याची लाज काढली, आणि मला अजून त्याचं काही वाटत नाही.

पाटा पुन्हा करून घेतला. पुन्हा सांगलीला गेलो, या वेळी चारही चाकं मोजायला लावली आणि मी समोर उभी राहिले. भावाकडून किल्ली घेतली, दोघांना आत बसवून गाडी मी बायपासला घेतली आणि स्टेरिंग सोडून बघितलं. पेरणीच्या पाभरीच्या तासासारखी सरळ चालली. गाडी बाजूला घेतली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि आप्पांपुढे किल्ली धरली. म्हटलं, बसा.

आप्पांनी उजव्या हाताची मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली.

"तुझं खरं हाय, पोरी. गाडीच ओढत हुती," ते म्हणाले. "पर आता ह्या हातावर माझाच इस्वास ऱ्हायला न्हाई."

आणि ते मागचं दार उघडून आत बसले. भावाने किल्लीसाठी हात पुढे केला. मी दिली नाही. अजून माझ्याकडेच आहे; आप्पा ती मागत नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला मी देणार नाही.