पार्किंगमधली भाऊबीज

माझी नणंद अमेरिकेत असते. न्यूयॉर्क-बियॉर्कमध्ये नाही, मधल्या पट्ट्यातल्या एका युनिव्हर्सिटीच्या गावात. गावाच्या चारी बाजूंना नुसता मका, असं त्यांचाच नवरा सांगतो. मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांना ते अजिबात आवडत नाही. म्हणून तर म्हणते.

त्या वर्षी वन्सं दिवाळीला दोन मुलांना घेऊन आमच्याकडे दुबईत, ऊद मेथाला आल्या. आल्या दिवसापासून त्यांच्या गावाचं कौतुक सुरू झालं. तिथल्या म्युझियममध्ये हत्तीपेक्षा मोठा सांगाडा आहे आणि बघायला तिकीट नाही. युनिव्हर्सिटीची स्वतःची डेअरी आहे, तिथलं आइस्क्रीम मुलांनी गाई बघत बघत खायचं. लहान मुलांसाठी वेगळं म्युझियम, त्यात खोटं दुकान, खोटा दवाखाना, खोटी बस. शनिवारी बाजार, शरदात सफरचंदाच्या बागेत गवताच्या गाडीतून चक्कर. 'आमच्याकडे सगळं कसं फॅमिली-फ्रेंडली असतं,' हे वाक्य तर मी चहाबरोबर बिस्किट खावं तसं रोज खात होते. आम्ही त्यांना बर दुबईला नेलं, अब्रातून, म्हणजे इथल्या लाकडी होडीतून, खाडी पार करून आणली, मीना बाजार दाखवला. मुलं म्हणाली, 'इट्स हॉट.' वन्सं म्हणाल्या, 'इथे मुलांसाठी असं काही नाही का गं?' मी पुऱ्या लाटत होते. लाटणं हातात होतं, एवढंच सांगते.

मग वन्संनीच फोनवर शोधून काढलं. अल ऐनला जायचं. तेही युनिव्हर्सिटीचं गाव, अगदी आमच्यासारखं, म्हणाल्या. तिथे मुलांची एक मोठी बाग होती: प्राणी, छोटी आगगाडी, तळं, सगळं. कधी जायचं? तर रविवारी, कारण सोमवारी त्यांचं विमान. आणि रविवारी होती भाऊबीज.

आता माझं ऐका. माझा सख्खा धाकटा भाऊ मुसफ्फात फॅब्रिकेशनच्या कामाला आहे. दुबईहून दीड तासाचा रस्ता. लोकांना वाटतं, बहीण-भाऊ एकाच देशात, काय मजा असेल! कसली मजा डोंबलाची. त्याला सुट्टी रविवारची, तीही ओव्हरटाइम नसला तर, आणि भाऊबीज कधी रविवारी यायचीच नाही. इतकी वर्षं मी बाल्कनीत उभी राहून चंद्राला ओवाळत होते. ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं असतं. मला तर धडधाकट भाऊ होता आणि तो दीड तासावर पत्रे कापत होता. त्या वर्षी पहिल्यांदा रविवार जमला. मी बासुंदी आटवायची ठरवली होती, पाट पुसून ठेवला होता. मला एवढंच हवं होतं की माझ्या भावाने माझ्या घरी पाटावर बसावं आणि मी त्याला ओवाळावं. जगावेगळं काही मागत नव्हते मी.

नवरा म्हणाला, 'अगं, त्यात काय! त्यालाही अल ऐनला बोलव. त्याला बस मिळेल. बागेतच ओवाळ, पिकनिक पण होईल. ताई परत कधी येणार?'

माझा भाऊ परत कधी येणार, हे कुणी विचारलं नाही. मी दातओठ खाऊन हो म्हटलं. भावाला फोन केला तर तो खूश. म्हणाला, 'आक्का, मी कधी बघितलंच नाही गो अल ऐन. येतो.'

रविवारी सकाळी मी पिशवी भरली. ताम्हन, निरांजन, तुपात भिजवलेल्या वाती, कुंकू, अक्षता, सुपारी, माझी अंगठी, काडेपेटी, वेगळ्या डब्यात बेसनाचे लाडू आणि करंज्या. बासुंदी बाटलीत भरली. गाडीत वन्संच्या मुलांचे खेळ, पाण्याच्या बाटल्या, उन्हाच्या टोप्या, आणि माझी पिशवी माझ्याच पायाशी.

बागेशी पोचलो तेव्हा भावाची बस अजून वाटेत होती. मी म्हटलं, थांबू या, तो आला की सगळे एकदम आत जाऊ. वन्संनी घड्याळ पाहिलं. जिराफांना खायला घालायची वेळ ठरलेली होती म्हणे, ती चुकली तर मुलांचा मूड जाईल. नवरा लगेच, 'यल्ला, चला चला. तो काय लहान आहे? तिकीट काढून येईल आत.' माझी मुलगी तर कधीच पुढे पळाली होती. मीही गेले. पिशवी घेऊन गेले.

जिराफ पाला खात होते, वन्सं फोटो काढत होत्या, आणि माझा फोन वाजला.

'आक्का, मी गेटवर आहे. सोडत नाहीत.'

'का सोडत नाहीत?'

'आज फॅमिली डे आहे म्हणतात. एकट्या पुरुषांना नाही.'

'अरे, सांग ना त्याला, बहीण आत आहे म्हणून!'

'सांगितलं. तो म्हणाला, सगळे हेच सांगतात.'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नवऱ्याला गाठलं. म्हटलं, तू गेटवर जा, चार शब्द बोल, त्याला आत घेऊन ये. तू पुरुष माणूस, तुझ्याकडे कंपनीचं कार्ड आहे, इंग्रजी आहे, तुझं ऐकतील. नवऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. तिकिटामागे लिहिलं होतं की एकदा बाहेर गेलं की परत आत येता येत नाही. म्हणाला, 'मी गेलो न् अडकलो तर? ताई एकटी पडेल मुलांबरोबर. तो तिथलं खजुराचं बन बघेल की तोवर, ते फुकट आहे. आपण निघताना भेटूच. तुझा भाऊ समजूतदार आहे.'

समजूतदार! या शब्दाचा मला इतका संताप आहे ना, की काय सांगू. जो बाहेर उन्हात उभा असतो त्यालाच हे लोक समजूतदार म्हणतात. आत सावलीत बसलेल्याला कुणी समजूतदार व्हायला सांगत नाही.

आणि वन्सं? वन्सं पेटून उठल्या. हो, अगदी खरोखर. म्हणाल्या, 'धिस इज डिस्क्रिमिनेशन! आमच्याकडे असं कधीच चालणार नाही. आमच्या गावात बागेला गेटच नसतं. मी रिव्ह्यू लिहिणार, एकच स्टार देणार.' आणि तिथेच बाकावर बसून, लिंबू-पुदिन्याचं सरबत मागवून, त्यांनी खरंच रिव्ह्यू लिहायला घेतला. जिच्या घाईपायी हे झालं, तीच बाई माझ्या भावाच्या वतीने चिडून सरबत पीत होती. मला हसावं की त्या सरबताचा ग्लास उचलून फेकावा, कळेना.

मी पिशवी उचलली. नवरा म्हणाला, 'अगं, परत आत येता येणार नाही.' मी म्हटलं, 'यायचंय कुणाला?'

मुलीला म्हटलं, चल, मामा आलाय. ती आगगाडीच्या रांगेत होती. म्हणाली, 'मम्मा, कॅन आय स्टे? द ट्रेन इज कमिंग.' तिच्यावर मी रागावले नाही. मामाला तिने जेमतेम दोनदा पाहिलेलं, आगगाडी समोर उभी होती. पोर आगगाडीकडेच जाणार. मी एकटीच गेटकडे निघाले.

भाऊ गेटाबाहेर झाडाच्या कठड्यावर बसला होता. कडक इस्त्रीचा आकाशी शर्ट, नवे बूट, केस चापून बसवलेले. हातात परफ्यूमचं खोकं. दुबईत राहणाऱ्या बहिणीसाठी मुसफ्फातून परफ्यूम, असला माझा भाऊ. त्याच्या आसपास आणखी पाच-सहा जण उभे होते, तेही असेच नटून आलेले, तेही असेच परत पाठवलेले. मला बघून तो उभा राहिला आणि पहिलं काय म्हणाला? 'तू कशाला आलीस गो? ते काय म्हणतील?'

मी म्हटलं, 'बस खाली.'

कठड्यावर माझी ओढणी अंथरली. त्याने डोक्यावर रुमाल घेतला. निरांजन लावायला काडी ओढली तर गेटवरचा गार्ड धावत आला. 'मॅडम, आग नहीं, आग नहीं. इधर कॅमेरा है.' मी त्याच्यावर असा काही आवाज चढवला की तिकिटाच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. त्याला हिंदीत विचारलं, तुझी बहीण तुला ओवाळते ना, की तिच्याकडेही कॅमेरा आहे? तो बिचारा कानकोंडा झाला. म्हणाला, 'मॅडम, मेरी नौकरी है. उधर पार्किंग में कर लीजिए.' त्याचं काय चुकलं होतं? ज्यांचं चुकलं होतं ते आत सरबत पीत होते, आणि बोलणी त्याने खाल्ली.

मग आम्ही पार्किंगमध्ये गेलो. दोन मोठ्या गाड्यांच्या मध्ये थोडी सावली होती. पूर्व कुठे, पश्चिम कुठे, देव जाणे. भाऊ पेव्हर ब्लॉकवर मांडी घालून बसला. वाऱ्याने वात दोनदा विझली, तिसऱ्यांदा त्याने दोन्ही हातांचा आडोसा केला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली, ओवाळायला लागले.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो माझ्याकडे बघतच नाहीये. त्याची नजर सारखी गाड्यांच्या फटीतून बाहेर जात होती. कोण येतंय, कोण बघतंय. एक कुटुंब ढकलगाडी घेऊन गेलं, तर याने मान खाली घातली, कपाळावरचं कुंकू हाताने झाकलं. माझं ओवाळणं अर्धं व्हायचं होतं आणि हा म्हणाला, 'झालं ना? आटप, आक्का.'

बाकी सगळ्यांचा राग मी गिळला असता. हा मात्र गिळवला नाही. मी ताम्हन खाली ठेवलं आणि त्याच्यावरच ओरडले. म्हटलं, गाढवा, चोरी करतोयस का? बहिणीकडून ओवाळून घेतोयस, मान वर कर! त्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसायचा प्रयत्न करत होता.

'पुढच्या वर्षापासून फोनवर ओवाळ गो,' तो म्हणाला. 'व्हिडिओवर. तिथे मी कोणाचा कोण, ते कुणाला सांगावं लागत नाही.'

मी त्याला लाडू भरवला. त्याने एक करंजी खाल्ली, बाटलीतली बासुंदी झाकणातून प्यायला, माझ्या पाया पडला, परफ्यूमचं खोकं ताम्हनात ठेवलं आणि बस गाठायला निघून गेला. अल ऐन त्याने बघितलंच नाही. खजुराचं बनसुद्धा नाही.

ते लोक बाहेर आले तोवर मी गाडीला टेकून उभी होते. परतीच्या वाटेवर मुलं झोपली. वन्सं म्हणाल्या, त्यांच्या रिव्ह्यूला तीन लोकांनी लाइक केलंय.

घरी आल्यावर वन्संना त्यांच्या भावाला ओवाळायचं होतं. म्हणजे माझ्या नवऱ्याला. 'अगं, ताम्हन दे ना,' म्हणाल्या. दिलं. घासूनपुसून दिलं, ताम्हनाचा काय दोष. हॉलमध्ये, एसीत, मी माझ्या भावासाठी पुसून ठेवलेल्या पाटावर नवरा मांडी ठोकून बसला. वन्संनी वात लावली, मुलांना म्हणाल्या, 'लुक, धिस इज अवर ट्रॅडिशन.' माझ्या तोंडाला कुलूप होतं, ते निघालं. मी म्हटलं, 'वन्सं, असं कसं? आधी याला तासभर दाराबाहेर उभा करा. मग ओवाळा.'

नवरा म्हणाला, 'सणाच्या दिवशी तरी...' वन्संचा हात हवेत थांबला होता. वातीवर काजळी धरायला लागली, तेव्हा मीच म्हटलं, ओवाळा आता, आणि स्वयंपाकघरात निघून आले.

पुढच्या वर्षी भाऊबीजेला मी भावाला म्हटलं, घरी ये, रजा टाक, मी गाडी पाठवते. तो म्हणाला, रजा नाही. खरं असेल, खोटं असेल. ठरल्या वेळी त्याने व्हिडिओ लावला. मुसफ्फाची त्याची खोली, मागे दोरीवर चौघांचे कपडे, आणि हा पलंगावर मांडी घालून, डोक्यावर टोपी घालून तयार. मी ओट्यावर फोन टेकवला आणि फोनला ओवाळलं. तो सरळ माझ्याकडे बघत होता. खोलीतल्या मित्रांना बोलावून सांगत होता, 'ही बघा माझी आक्का!' मला चिडवत होता, लाडू दाखव, जवळ आण, अजून जवळ. घाई नाही, मान खाली नाही. इतका सुखात मी त्याला या देशात कधी पाहिला नव्हता, आणि तेच माझ्याने अजून सहन होत नाही.