चपलांबाबतचा अर्ज

आज कपाट आवरताना कार्बन कागदाचा जुना वास आला आणि हाती पणजीत लिहिलेल्या अर्जाची स्थळप्रत लागली.

लग्नाला वीस वर्षे झाली, म्हणून मी आणि सौ. दोन दिवस तिच्या बहिणीकडे पणजीला गेलो होतो. संध्याकाळी साडूभाऊंनी आम्हांस मांडवीतील कॅसिनोची बोट दाखवायला नेले. धक्क्यावर खाऱ्या वाऱ्यात डिझेलचा वास मिसळलेला होता. दारावरील इसमाने माझ्या कोल्हापुरी चपलांकडे पाहून हात आडवा धरला. आत जाण्यास बूट आवश्यक होते.

"माझे घाला," साडूभाऊ हसत म्हणाले. "इथे मला ओळखतात हो, शोभा नको."

कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली आहे. कागद आणि कार्बन पिशवीत असतातच. कठड्यावर कागद टेकवून मी व्यवस्थापकांस लिहिले, की स्वच्छ चपलेस पादत्राण न मानणे हा अन्याय आहे. मागे रांग खोळंबली. सौ. माहेरच्या माणसांपुढे लाजली असती, तर मी निमूट बूट चढवले असते. मला तेवढीच धास्ती होती.

तिने संपूर्ण मजकूर वाचला. "माझ्या चपला चालतात, यांच्या का नाहीत? भावजी, तुमचे बूट तुम्हालाच शोभतात," असे म्हणून तिने माझ्या सहीखाली स्वतःची सही केली.

आम्हांस आत घेतले नाही. तेव्हा मला तो पराभव वाटला होता. आज मी तिची निळसर उमटलेली सही पाहतो आणि तसे मानण्यास साफ नकार देतो. उत्तर अद्याप आलेले नाही. अर्ज आम्हां उभयतांपैकी कोणीही मागे घेतलेला नाही.