पूजेला लावलेलं ई-पुस्तक

आमच्या ग्रंथालयाच्या दाराशी एक काळा फळा आहे. मी नोकरीला लागले त्या वर्षी मीच तो मागून घेतला. ज्याने पुस्तक मुदतीबाहेर ठेवलं आणि त्यापायी दुसऱ्या कुणाला थांबावं लागलं, त्याचं नाव त्या फळ्यावर लिहायचं, आणि नावापुढे समोरचा किती दिवस थांबला तो आकडा. ओरडा नाही, उपदेश नाही, फक्त नाव. ते पुसायचा हक्क मला नाही, प्राचार्यांनाही नाही. जो थांबला होता त्याच्या हातात पुस्तक पडलं की त्याने डस्टर घ्यायचं आणि पुसायचं. काही जण लगेच पुसतात, काही जण मुद्दाम दोन दिवस तसंच ठेवतात. अंधेरीच्या आमच्या कॉलेजात मुलं परीक्षेपेक्षा या फळ्याला जास्त घाबरतात, असं मी येईल त्याला अभिमानाने सांगत असे.

मग आमच्याकडे ई-पुस्तकं आली. आली म्हणजे दिसली नाहीत, पण आली असं सगळे म्हणाले. कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती आणि तिच्या भल्यामोठ्या फॉर्ममध्ये ई-साधनांचा एक रकाना होता. "मॅडम, आपल्याला आता डिजिटल व्हायलाच हवं," असं प्राचार्य मला म्हणाले, ते डॉक्टर वजन कमी करायला सांगतात त्या सुरात. त्यांनी सगळ्यात स्वस्त योजना घेतली. तिच्यात प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत होती; एकाने घेतलं की बाकीच्यांनी थांबायचं. रांगेत नाव लावायची सोय महागाच्या योजनेत होती. हवेतल्या पुस्तकाला प्रत कसली, हे मला कळलं नाही, पण मनातून बरं वाटलं. निदान एका बाबतीत तरी ते पुस्तकासारखं वागत होतं.

ते चालवायला शिकण्यासाठी मुलुंडला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. माझ्या भाचीच्या वयाची एक मुलगी पडद्यावर भराभर चित्रं सरकवत होती आणि उपनगरांतले आम्ही सगळे ग्रंथपाल दोनशे पानी वह्यांमध्ये ते उतरवून घेत होतो. "मॅम, लिहू नका ना, सगळं मेल करते," असं ती दहादा म्हणाली. आम्ही लिहीतच राहिलो. शेवटचा भाग कुठलं पुस्तक कुणाकडे आहे ते ग्रंथपालाने कसं बघायचं याचा होता. तो सुरू झाला तेव्हा बाहेर जेवणाच्या टेबलांवरची झाकणं वाजली. मी मागच्या रांगेत, दाराजवळ बसले होते. जे व्हायचं तेच झालं, आणि गुलाबजाम चांगले होते हे मान्य करायला हवं.

प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना मिळालं. प्राचार्यांनी ते लॅमिनेट करून माझ्या टेबलामागे लावलं आणि स्टाफ मीटिंगमध्ये मला ई-ग्रंथालयाची तज्ज्ञ म्हणून जाहीर केलं. त्या दिवसापासून मला कुणालाही काही विचारायची सोय उरली नाही.

ग्रंथालयात माझ्या जोडीला एकच माणूस, आमचे परिचर. मालवणकडचे, भांडुपला माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारे. तीस वर्षं पुस्तकं मांडण्यात गेलेली. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, ह्या पुस्तकांक शिक्को खंय मारूचो?" मी हसले. खरं सांगायचं तर तो प्रश्न मलाही पडला होता.

खंडेनवमीला आम्ही दरवर्षी ग्रंथालयातली हत्यारं पूजेला लावतो. शिक्का, कात्री, दाखल नोंदवही आणि चार चांगली पुस्तकं. त्या वर्षी संगणकालाही झेंडूची माळ चढली. परिचर म्हणाले, "कॉम्प्युटराची पूजा झाली, पण आतल्या पुस्तकांची?" मुद्दा बिनतोड होता. मग मी आतलं एक पुस्तक उघडायचं ठरवलं. बहुतेक मुखपृष्ठांवर चढते-उतरते आलेख होते, नाहीतर टाय लावलेली चिंताग्रस्त माणसं. त्यांना हळदकुंकू कसं वाहणार? शेवटी एक सापडलं. निळा समुद्र, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, मासळीच्या टोपल्या, प्रसन्न. उघडायला आधी घ्यावं लागत होतं, म्हणून मी ते माझ्या नावावर घेतलं. पडद्याच्या कोपऱ्याला कुंकू लावलं, परिचरांनी आरती म्हटली, प्राचार्यांनी समितीसाठी फोटो काढून घेतला. संध्याकाळी मी संगणक बंद केला. संगणक बंद म्हणजे पुस्तक कपाटात, असा माझा साधा हिशेब.

तीन आठवड्यांनी एक इंग्रजी मेल आला. एक लांबलचक क्रमांक, आणि मुदत संपत आहे, वाढवायची का? मला वाटलं, कॉलेजच्या वर्गणीबद्दल आहे. नाही म्हटलं आणि सगळंच बंद पडलं तर समितीपुढे नाक कुणाचं कापलं जाणार? मी 'हो' दाबलं. मग दर तीन आठवड्यांनी तो मेल यायचा आणि मी न चुकता 'हो' दाबायचे. कामात मी पक्की आहे.

दिवाळीची सुट्टी संपली आणि ती आली. खारदांड्याची, चाळिशी ओलांडलेली. सकाळी सासूबरोबर बाजारात मासळी विकायची, दुपारी न्हाऊन, गजरा माळून आमच्याकडे अभ्यासाला बसायची. मासळीबाजारातल्या बायकांवरच तिची पीएच.डी. चालू होती. माझ्याशी बरोबरीने भांडणारी ती एकटीच वाचक, म्हणून मला आवडायची. तिला एक पुस्तक हवं होतं. छापील प्रत मुंबईत कुठे मिळेना, आणि त्याच्याशिवाय तिचं चौथं प्रकरण तिचे मार्गदर्शक पुढे सरकू देत नव्हते. प्रबंधाची मुदत दोनदा वाढवून झाली होती. डिसेंबर संपायच्या आत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात.

मी तिच्या आयडीवरून तिला पडद्यावर पुस्तक शोधून दिलं आणि माझा चेहरा उजळला. "अगं, हे तर आपलं पूजेचं पुस्तक! खंडेनवमीला पूजलंय मी. शुभ आहे बघ."

"शुभ आहे ते ठीक, मॅडम. पण हे म्हणतंय, दुसरा वाचक वापरतोय."

"असेल कॉलेजातलाच कुणी. देईल परत."

"कोण ते दिसत नाही का तुम्हाला?"

"नाही दिसत," मी ठोकून दिलं. मागे प्रमाणपत्र चमकत होतं. दिसतं की नाही हे मला माहीत नाही, एवढं छोटं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

ती एक दिवसाआड येऊ लागली. दर वेळी तोच निरोप, दर वेळी मी तिला समोर बसवून चहा पाजायचे आणि दोघी मिळून त्या दुसऱ्या वाचकाचा उद्धार करायचो. तिच्या शिव्या बाजारातल्या, ताज्या. माझ्या जरा पुस्तकी, पण भावना तीच. फळ्यावर मी ठळक अक्षरांत 'अज्ञात वाचक' लिहिलं आणि आकडा रोज वाढवत गेले.

माझा संशय अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांवर होता. पुस्तकं दाबून ठेवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मी स्टाफरूममध्ये सूचना लावली: 'काही जबाबदार व्यक्तींनी सार्वजनिक ज्ञान अडवून ठेवले आहे.' ते तडक आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, बास झालं! मला त्या पोर्टलवर लॉगिनच करता येत नाही. आजवर एकदाही जमलेलं नाही!" त्या सत्रात कॉलेजात कुणी दाखवलेलं सगळ्यात मोठं धैर्य ते होतं. मला त्यातून काही शिकता आलं असतं. मी फक्त संशयितांच्या यादीतून त्यांचं नाव खोडलं.

"मॅडम, त्या पोर्टलच्या मदत केंद्राला फोन लावा ना," ती एकदा म्हणाली. "वाट लागली तर माझी लागेल, तुमची नाही."

"फोन कशाला? मला येतं गं सगळं," मी म्हणाले.

डिसेंबरचे अकरा दिवस उरले तेव्हा ती आली आणि माझ्याशी भांडली नाही. खुर्चीवर बसली, गजऱ्याची सैल झालेली पिन हातात फिरवत राहिली. "सर म्हणाले, प्रकरण गाळून दे. पण तसा प्रबंध दिला तर परत पाठवतील हे त्यांनाही माहितीय," एवढंच म्हणाली आणि वाचनकक्षात जाऊन बसली. ती भांडली असती तर मला चाललं असतं. मी फोन उचलला.

मदत केंद्रातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, ते पुस्तक तुम्ही आत्ता ज्या आयडीवर आहात ना, त्याच आयडीवर आहे. तीन वेळा मुदत वाढवलीये तुम्ही. परत करायचंय का?"

"मॅम, आहात ना?" तिने विचारलं. होते. तीन वेळा 'हो'. त्यातले दोन त्या बाईच्या देखत, तिच्यापुढे चहाचा कप सरकवता सरकवता.

मी पुस्तक परत केलं. परिचर शेजारीच उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. वाचनकक्षाकडे बघत ते हळूच म्हणाले, "कोणाक कळतला? दिलात मा परत? आता गप रवा."

आणि मी गप्प राहिले. तिला हाक मारून म्हणाले, "आलं गं, आलं पुस्तक!" ती धावत आली, मला मिठीच मारली. "कुणाकडे होतं?" तिने विचारलं. "बघते," मी म्हणाले. इतकी वर्षं लोकांची नावं चव्हाट्यावर मांडणारी मी, माझी पाळी आल्यावर 'बघते' म्हणाले. संध्याकाळी घरी जाताना घाटकोपरपर्यंत मेट्रोत मला बसायला जागा मिळाली होती, पण मी उभीच राहिले. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि सगळ्यात जास्त त्या मिठीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'अज्ञात वाचक' पुसलं आणि तिथे माझं नाव लिहिलं, आडनावासकट, हुद्द्यासकट. पुढे आकडा, चव्वेचाळीस. दहा वाजेपर्यंत अर्ध्या कॉलेजने त्याचा फोटो काढला होता. अर्थशास्त्राचे प्राध्यापक पेढे घेऊन आले. "कशाचे?" मी विचारलं. "असेच," ते म्हणाले, आणि मला दोन दिले.

दुपारी ती आली, फळ्यापुढे थांबली, दोनदा वाचलं. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "म्हणजे, मी ज्याला रोज शिव्या घालत होते, तोच मला रोज चहा पाजत होता?"

"हो गं. काल सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

डस्टर तिथेच होतं, तिने त्याला हात लावला नाही. उरलेले दिवस ती सकाळपासून आमच्याकडे बसली, बाजारात सासू एकटी. रविवारी आणि नाताळच्या सुट्टीत मी कुलूप उघडून बसले, तेही तिने गृहीत धरलं. चहाला ती नको म्हणायची.

शेवटच्या दिवशी प्रबंध देऊन, पोचपावती घेऊन ती सरळ आमच्याकडे आली. मला पावती दाखवली. मग डस्टर उचलून माझं नाव पुसलं, नीट, कडेपर्यंत. आकड्यापाशी हात थांबला.

"नाव पुसलं, मॅडम. दिवस नाही पुसत. ते माझे गेलेत."

जानेवारीत समिती आली. प्राचार्यांनी मला आदल्या दिवशीच फळा स्वच्छ करायला सांगितलं होतं. तो हक्क माझा नाही, असं मी त्यांना सांगितलं. दाराशी समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "हे चव्वेचाळीस कसलं?" प्राचार्य चटकन म्हणाले, "आमच्या डिजिटल वापराचा आकडा आहे, मॅडम."

"नाही," मी म्हणाले. "एका वाचकाला मी थांबवलं, ते दिवस आहेत."