वीरेशची काळी गाडी

केज मागं पडलं तेव्हा माझ्या टाचेला फोड आला होता आणि माझी पिशवी घेऊन वीरेश पुढं चालत होता. आम्हा लिंगायतांची ही पदयात्रा लातूरहून निघते, कपिलधारच्या समाधीला जाते. माझा हा धाकटा भाऊ एरवी पायी येत नाही. मागून हळूहळू गाडी चालवतो, दमलेल्या म्हाताऱ्यांना बसवून घेतो. यंदा दारात मोठी गाडी आली, अन् हा पायी.

"गाडी घरी ठेवून देवावर उपकार करायलास का?" मी म्हटलं.

"तुझी पिशवी उचलायला हमाल नको का?" तो हसला, पण वळून पाहिलं नाही.

वीरेशची औषधांची एजन्सी. लातूर, जळकोट, मुखेड, नांदेड, परत लातूर, रोजचंच. कपाळावर विभूती, तोंडात बडीशेप, बोलणं थोडं. हौस एकच, गाडीची. जुनी थकली तेव्हा नांदेडच्या एका यार्डात त्यानं वापरलेल्या दोन गाड्या पाहिल्या. एक लाल, बुटकी, नुसती पळणारी. दुसरी काळी, लांबलचक, आत सोफ्यासारख्या सीटा. लालमध्ये बसून त्यानं मला व्हिडिओ कॉल केला होता. चाळिशीचा माणूस, पण दिवाळीतल्या पोरासारखा दिसत होता.

काळी घ्यायला लावली ती सोबत गेलेल्या आमच्या मालकांनी, वीरेशचे दाजी अमरेश यांनी. "रोज वापरायची हाय, शर्यत लावायची न्हाई. लालमध्ये आप्पांना बसवायचं म्हणजे विहिरीत उतरवायचं."

आमच्या वडिलांचे गुडघे वाकत नाहीत, हे खरंच होतं. तरी वीरेश म्हणाला, "दाजी, मुखेडच्या नागसेन मिस्त्रीला एकदा दाखवतो."

मालकांनी शर्टाच्या आतून गळ्यातलं लिंग काढलं आणि मुठीत धरलं. "हे धरून सांगतो. गाडीत खोट न्हाई."

वीरेशनं तिथूनच मिस्त्रीला येऊ नको म्हणून कळवलं. आमच्यात लिंग हातात धरून कुणी खोटं बोलत नाही, आणि कुणी धरलं की मग तपासणी करायची नसते. "आता बॉनेट उघडायचं म्हणजे देवाचंच बॉनेट उघडायचं," असं तो मला घरी येऊन म्हणाला होता.

पुढचं मला या पदयात्रेत, चालता चालता कळलं.

"आप्पांना डोळे दाखवायला नांदेडला नेत होतो," तो म्हणाला. "मुखेडजवळ गाडी मेली. मी खाली उतरलो अन् दारं लागली ती उघडेनात. आप्पा आत, वर ऊन. दगडानं काच फोडून काढलं त्यांना."

"अन् मला कुणी सांगितलं न्हाई?"

"आप्पांनीच नको म्हणलं. मग नागसेननं खालचं कार्पेट उचललं. गाळ, अक्का. पुराचा गाळ, वाळून खपल्या झालेला. यार्डवाल्याशी भांडायला गेलो तर म्हणतो, माझ्यावर काय ओरडता, गाडी तुमच्या दाजींचीच. पुरात बुडालेली त्यांनी स्वस्तात उचलली, धुतली, माझ्याकडं नुसती विकायला उभी केली."

"तो काय, कुणाचंही नाव घेईल."

"मला बी तसंच वाटलं. मग त्यानं मोबाईलमधला फोटो दाखवला. पाइप धरून गाडी धुणारे दाजीच. अंगात नुसती बंडी. गळ्यात लिंग."

मी उभीच राहिले. मागची बाई येऊन धडकली. "चला की माय, शिवा शिवा म्हणत चला."

त्या लिंगाचा दोरा दर श्रावणात मी माझ्या हातानं बदलते. चालू लागले, पण तोंडातून शिवाचं नाव निघेना. टाचेचा फोड कधी फुटला तेही कळलं नाही.

पौर्णिमेला मालक आम्हाला न्यायला कपिलधारला येणार होते. "येऊ देत," मी म्हटलं. "समाधीपुढंच विचारते त्यांना."

वीरेशनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. 

"नको, अक्का," तो म्हणाला. "तू विचारलंस की ते परत लिंग हातात धरतील. तेवढं धरायला लावू नको त्यांना."